दुकानाची टोपी

४ फेब्रुवारी, रविवार

हिला काही सांगितलं की ही उत्तर देते. वहीचं तसं नाही, म्हणून आजपासून वहीत लिहायचं ठरवलं. नाटकांचा हंगाम संपलाय आणि दुकानात माश्या मारण्यापलीकडे काम नाही. राजे, पोलीस, वकील, भुतं सगळे धुऊन, इस्त्री होऊन एका ओळीत टांगलेले आहेत आणि कोणाचं कोणाशी भांडण नाही.

आमचं ड्रेपरीचं दुकान वडिलांपासूनचं. नाटकवाल्यांना कपडे भाड्याने द्यायचे आणि परत आले की उजेडात धरून तपासायचे. शिवण उसवली का, घामाचा डाग आहे का, बटण गेलं का. प्रत्येक कपड्याच्या आत दुकानाचा शिक्का मारलेली पांढरी पट्टी शिवलेली असते. ती ही शिवते. वस्तू कोणाची आहे हे कोणी विसरायला नको, एवढाच हेतू.

रविवार म्हणजे भिंगरी जेवायला येण्याचा दिवस. माझी धाकटी बहीण. पायाला भिंगरी लावल्यासारखी लहानपणापासून हुंदडायची, म्हणून हे नाव पडलं. आता पन्नाशीला टेकली तरी शाळेतल्या मुलींना धावायला शिकवते आणि त्यांच्याही पुढे धावते. लग्न केलं नाही. आई म्हणायची, हिचं लग्न मैदानाशी लागलंय. नऊ वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, तेव्हा माझी एक मी तिला दिली. डॉक्टर म्हणाले होते, विचार करायला वेळ घ्या. मी म्हटलं, वेळ तुम्हाला हवा असेल तर घ्या. हे वाक्य मी आजवर बऱ्याच लोकांना ऐकवलंय. ही म्हणते, सगळ्यांना.

आज दारातच नेहमीप्रमाणे विचारलं, "काय, माझी कशी आहे?" भिंगरीने नेहमीप्रमाणे पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मालक, एकदम ठणठणीत." रिपोर्ट घेऊनच आली होती. क्रिएटिनिनचा आकडा, जो जितका कमी तितकी किडनी खुशीत, मी चष्मा न लावता वाचला. असा आकडा सख्ख्या किडनीवाल्यांचाही नसतो.

जेवण झाल्यावर भिंगरीने हात-तोंड पुसलं, तेव्हा हिने तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि कोपऱ्यावरचा रक्ताचा ठिपका दाखवला. भिंगरीच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली आहे. निघते, परत धरते, परत निघते. भिंगरी म्हणाली, चष्म्याची दांडी घासते. मलाही तेच वाटलं. ही म्हणाली, चष्मा दोन्ही कानांवर असतो, मग खपली एकाच कानाला कशी? हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच.

१० फेब्रुवारी

चष्म्याची दांडी वाकवून घेतली. चष्मेवाल्याने आणखी दोन ठिकाणी वाकवली. आता चष्मा वाकडा बसतो आणि खपली तिथेच आहे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

हिने माझं ऐकलं नाही आणि भिंगरीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलंच. मी सोबत गेलो.

डॉक्टरबाई उंचीने माझ्या खांद्याला लागतील. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग. कान दाखवायला गेलेल्या भिंगरीला त्यांनी कपडे बदलून टेबलावर झोपायला सांगितलं आणि डोक्यापासून सुरुवात केली. मी बाहेर होतो, पण हिने सगळं सांगितलं. केसांत एक एक भांग पाडून पाहिलं. कानांच्या मागे, मानेवर, पाठीवर, तळपायांना, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. कुठे घाई नाही. ऐकून मी चाटच पडलो. इतकी वर्षं मी स्वतःला तपासणीतला वाकबगार समजत होतो. या बाई आमच्या धंद्यात असत्या तर सगळी नाटक मंडळं शिस्तीत आली असती.

मग मला आत बोलावलं. बाईंनी विचारलं, किडनी बसवल्यापासून कोणी हिच्या अंगावरून अशी नजर फिरवली होती का? कोणीही नाही. नऊ वर्षं शरीराच्या आतले सगळे आकडे आम्ही पाठ केले, आणि बाहेर, सगळ्या जगाला दिसेल अशा कानावर, काय चाललंय ते पाहिलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बाई समजावून सांगतात तेही छान. म्हणाल्या, शरीर परकी वस्तू ओळखतं आणि तिच्यावर धावून जातं. भावाची किडनीही शरीराला परकीच. म्हणून गोळ्या देऊन शरीराच्या पहारेकऱ्याला पेंगुळलेला ठेवायचा. पेंगुळलेला पहारेकरी किडनीला हात लावत नाही, पण चोरालाही अडवत नाही. उन्हाने त्वचेच्या काही पेशी बिघडतात, त्या सगळ्यांच्याच बिघडतात. जागा पहारेकरी त्यातल्या पुष्कळ वेळीच हुडकून काढतो. हिच्या बाबतीत त्या सुटल्या असाव्यात. त्यात हिचा जन्म उन्हात गेलाय.

"म्हणजे चूक कोणाची?" भिंगरीने विचारलं.

"कोणाचीच नाही," बाई म्हणाल्या. "त्याच गोळ्यांनी तुम्हाला नऊ वर्षं धावतं ठेवलंय."

खपलीचा छोटा तुकडा तपासायला घेतला. भिंगरी तिथून थेट मैदानावर गेली.

१ मार्च, शुक्रवार

रिपोर्ट आला. त्वचेचा कॅन्सर आहे. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. नाव तीनदा वाचलं तरी तोंडात बसेना. बाई म्हणाल्या, इतरांमध्ये हा बहुतेक वेळा सावकाशीने चालतो, पण प्रतिकारशक्ती दबलेली असली की चालीचा भरवसा नाही. वेळेत काढला तर निघतो.

भिंगरीने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, पोरी आल्या असतील. मी म्हटलं, आज तरी राहू दे. तर म्हणाली, त्यांनी काय केलंय? अशी माणसं मी फक्त नाटकात पाहिलीत, आणि त्यांचेही कपडे आपलेच असतात.

जाताना हिने तिला दुकानात थांबवलं आणि वरच्या फळीवरून एक मोठ्या काठाची टोपी काढली. एका नाटकात बंगल्याची मालकीण घालते ती. काठ एवढा रुंद की कान, मान, खांदे सगळं सावलीत जातं. कापडी फूल होतं, ते हिने कापून टाकलं. भिंगरीने आरशात पाहिलं, मग टोपी उलटी करून आतली पट्टी पाहिली.

"परत कधी द्यायची?"

"सावकाश दे," मी म्हटलं. "पण डाग पाडू नकोस."

५ मार्च, मंगळवार

त्वचेच्या बाई आणि किडनीचे डॉक्टर एकमेकांशी बोलले आणि मग किडनीच्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. भिंगरीच्या तीन गोळ्यांपैकी पिवळी गोळी बंद करायची आहे. ती पहारेकऱ्याला पेंगुळवते आणि वर त्वचेला ऊन जास्त बाधेल असंही करते. बाकी दोन चालू. त्याने नवे डाग कमी होतील अशी आशा. पण पहारेकरी थोडा जागा झाला की तो किडनीकडेही डोळे वटारू शकतो. किडनी दुखावेल, कदाचित जाईल. गेली तर पुन्हा डायलिसिस.

आता लिहितो ते कोणाला दाखवायचं नाही. डॉक्टर "कदाचित जाईल" म्हणाले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार भिंगरीचा आला नाही. किडनीचा आला. माझ्या पोटावरचा व्रण अजून थंडीत ओढतो. नऊ वर्षं ती तिथे नीट नांदतेय, आणि आता हे आपल्या हाताने तिला धक्का लावणार.

बाहेर आल्यावर वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "जपून हं भिंगरे. एकदा दिली. दुसरी मागितलीस तर मालकालाच उचलून न्यावं लागेल." ही म्हणाली, तुम्ही जरा गप्प बसाल का. भिंगरी हसली. म्हणाली, "नाही रे दादा. जपते." किती समजूतदार आहे.

७ मार्च, गुरुवार

आज दुकानात एक तमाशा झाला. एका मंडळाचा व्यवस्थापक राजाचा मखमली झगा परत घेऊन आला. घडी फार नीट घातलेली होती, तेव्हाच मला संशय आला. उजेडात धरला तर पाठीवर वीतभर फाटलेला, आणि आतून डिंकाने कापड चिकटवलेलं! मी त्याला तिथेच उभा धरला. म्हटलं, फाटलं तर फाटलं म्हणून सांगावं माणसाने. लपवायचं कशाला? मी काय खातो का? वडिलांच्या काळापासूनचा झगा, विश्वासाने देतो आम्ही, वगैरे बरंच बोललो. त्याचे कान लालबुंद झाले. तो गेल्यावर ही म्हणाली, "खाल्लंत की आत्ताच."

भिंगरी आत स्टुलावर बसली होती, ऑपरेशनची तारीख सांगायला आली होती. तिचा चहा तसाच राहिला. मैदानावर जायची घाई असणार.

२१ मार्च, गुरुवार

ऑपरेशन झालं. आजचा दिवस विसरणार नाही.

कानाची फक्त जागा बधिर करतात, माणूस जागाच. डॉक्टरबाई खपलीखालचा पातळ थर काढतात, त्याच्या कडांना निरनिराळे रंग लावतात आणि शेजारच्या खोलीत स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बसून बघतात. रोगाची मुळी कुठल्या कडेपर्यंत पोचली आहे ते रंगावरून कळतं. मग फक्त तेवढ्याच बाजूने आणखी एक थर. पुन्हा तपासणी. जे चांगलं आहे त्याला धक्का नाही, जे वाईट आहे ते मागे ठेवायचं नाही. कितीही वेळ लागो. मी तर मनातल्या मनात हात जोडले.

मधल्या वेळात पेशंटला कानावर पट्टी बांधून बाहेर बसवतात. भिंगरी बसणारी नव्हेच. ती बाहेरच्या लांब खोलीत येरझाऱ्या घालत होती. तिथे नाकावर पट्टी बांधलेले एक म्हातारे गृहस्थ घाबरून थरथरत होते, दुसऱ्या फेरीला आत जायला तयारच नव्हते. भिंगरी त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि शर्यत सुरू व्हायच्या आधी श्वास कसा घ्यायचा ते शिकवायला लागली. नाकावर पट्टी असल्यामुळे तोंडाने. थोड्या वेळाने ते उठले, तिला म्हणाले, "वाजवा शिट्टी," आणि आत गेले.

भिंगरीला तीनदा आत जावं लागलं. तिसऱ्या वेळी बाई स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सगळ्या कडा स्वच्छ आहेत. कानाची कड जराशी आत गेली आहे, एवढंच. हिने भिंगरीला मिठी मारली. मी विचारलं, या सगळ्यात किडनीला काही नाही ना झालं? बाईंनी माझ्याकडे भिंगातून न बघता नुसतंच पाहिलं.

१४ एप्रिल, रविवार

रिपोर्ट! पिवळी गोळी बंद झाल्यानंतरचा पहिला. क्रिएटिनिन होतं तिथेच, तसूभरही हललं नाही. किडनीचे डॉक्टरसुद्धा म्हणाले, उत्तम. मी म्हटलं, माल कोणाचा आहे! जेवताना हीच गोष्ट दोनदा बोललो असेन. भिंगरी म्हणाली, "तू खूश आहेस ना दादा? मग झालं."

२२ मे

भिंगरीचं उन्हाचं मलम आणायला औषधाच्या दुकानात गेलो होतो. त्याने मलमाबरोबर पिवळ्या गोळ्यांची पाकिटंही बांधून दिली. म्हटलं, अहो, ही गोळी बंद झालीय. तर म्हणतो, बाईंनीच फोनवर सांगितलं होतं. म्हटलं, जुनी यादी बघून बांधता आणि वर बाईंचं नाव सांगता? गोळ्या परत केल्या आणि चार शब्द सुनावले. या लोकांना कामात लक्ष म्हणून नाही. कोणी भोळंभाबडं असतं तर घेऊन गेलं असतं आणि गिळलं असतं.

भिंगरीला सांगितलं. ती म्हणाली, यापुढे मलम मीच आणत जाईन.

३० जून, रविवार

मैदानावर गेलो होतो. भिंगरी टोपी घालून मधोमध उभी, आणि कडेने पोरी धावताहेत. नवीन नियम केलाय तिने: सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि प्रत्येक पोरीने मानेला मलम लावल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही. पोरी ओळीत उभ्या राहून एकमेकींच्या माना रंगवतात. मला हसू आलं आणि भरूनही आलं. दुसरं कोणी असतं तर स्वतःचं रडगाणं गात बसलं असतं.

उजव्या हाताच्या पाठीवर तिला काहीतरी खरखरीत आलंय. आणि कपाळाच्या कोपऱ्यावर, केसांच्या कडेला, एक गाठीसारखं. म्हणाली, बाईंनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

९ जुलै, मंगळवार

कपाळावरची गाठ पहिल्यापेक्षा वाईट आहे. खोल आणि वेगाने वाढणारी. डॉक्टरबाईंनी जबड्याखाली, गळ्यापाशी बराच वेळ चाचपून पाहिलं. गाठी लागत नाहीत म्हणाल्या, तरी सोनोग्राफी करायची. त्या पहिल्यांदाच काळजीत दिसल्या. गोळी बंद केल्या केल्या फरक पडत नाही, हे त्यांना माहीत आहे. पण चार महिन्यांत अशी गाठ यावी हे त्यांना आवडलेलं नाही.

त्यांनी भिंगरीला विचारलं, "गोळ्या कशा घेताय?"

भिंगरी मांडीवरच्या टोपीचा काठ फिरवत राहिली. मला राग आला. एवढं काटेकोर वागणाऱ्या बाईला असं विचारायचं? मीच म्हटलं, "घड्याळ लावून घेते हो डॉक्टर. एक गोळी इकडची तिकडे होत नाही." बाई "बरं" म्हणाल्या आणि तरी तिच्याकडेच बघत राहिल्या. ही रस्ताभर माझ्यापासून चार पावलं पुढे चालली.

२६ जुलै

कपाळावरची गाठ काढली. या वेळी फेऱ्या जास्त झाल्या आणि टाकेही. सोनोग्राफी स्वच्छ. सुटलो. भिंगरीचं कपाळ सुजून एक डोळा अर्धा मिटलाय, तरी हसते. क्रिएटिनिन? तिथेच. पण या वेळी मला हवा तसा आनंद झाला नाही, का ते कळेना.

११ ऑगस्ट, रविवार

भिंगरी जेवायला आली नाही. ही डबा घेऊन तिच्याकडे गेली आणि दिवेलागणीला परत आली. चेहरा उतरलेला. काय झालं विचारलं तर म्हणाली, "ती सांगेल तेव्हा ऐका." मी म्हटलं, माझ्यापासून काय लपवायचंय? तर म्हणाली, "तेच ना. तुमच्यापासूनच."

मी पान तसंच सरकवून उठलो. म्हणजे गाठ परत आली असणार. दोघी मला सांगत नाहीयेत.

१३ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. भिंगरी आली. एरवी ती काउंटरची फळी उचलून थेट आत येते आणि स्टूल ओढते. आज बाहेरच उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे. टोपी हातात होती. ती तिने काउंटरवर ठेवली आणि उलटी केली. आत, कपाळाला लागते तिथे, जखमेच्या रक्ताचा वाळलेला डाग होता.

"डाग पडलाय दादा."

मी म्हटलं, पडला तर पडला. ही धुऊन काढेल.

"इथे उभं राहणाऱ्या कोणाला तू असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही," ती म्हणाली. मग टोपीकडे बघतच म्हणाली, "पिवळी गोळी मी बंद केलेली नाही. एक दिवसही नाही."

मला आधी अर्थच लागेना. मग सगळं एका दमात कळलं. तो आकडा, जो हलला नाही. तो औषधवाला. डॉक्टरबाईंचं ते बघणं.

"डॉक्टर म्हणाले, किडनी जाऊ शकते," भिंगरी म्हणत होती. "ती गेली असती तर तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने आले असते? कॅन्सर झाला तर तो माझा आहे दादा. किडनी तुझी आहे."

माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. लपवायचं कशाला, सांगायचं ना, मी काय खातो का. दुकानातलेच शब्द, दुसरे मला येतच नाहीत. तेवढ्यात झगा चिकटवून आणणारा तो माणूस डोळ्यांसमोर आला, त्याचे लाल कान, आणि त्या दिवशी स्टुलावर बसलेली भिंगरी. नऊ वर्षं दर रविवारी ही पोरगी माझ्या दारात माल दाखवायला येत होती, आणि मी उजेडात धरून बघत होतो.

मला रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही, हुंदका देऊन रडलो.

मग टोपी ओढून घेतली आणि कात्री शोधायला लागलो. ही कधी येऊन राजाच्या झग्यांमागे उभी राहिली होती कोण जाणे, तिने कात्री माझ्या हातात दिली. मी आतली शिक्क्याची पट्टी उसवायला घेतली. हिचे टाके, सहजासहजी सुटतात होय! दोनदा बोटात टोक गेलं. पट्टी निघाली ती मी काउंटरवर ठेवली.

"ही टोपी दुकान परत घेणार नाही," मी म्हटलं. "मळव, फाड, हरव. तुझी आहे."

भिंगरीने पोटावर हात ठेवला. "आणि ही?"

"ती नऊ वर्षांपूर्वीच दिली असं मला वाटत होतं," मी म्हटलं. "आज दिली. गेली तर गेली. तू राहा."

ती फळी उचलून आत आली आणि स्टुलावर बसून खूप वेळ रडली. हिने चहा केला. मग आम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

किडनीचे डॉक्टर भयंकर रागावले, आणि ते बरोबरच आहे. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घरच्या माणसाची किडनी घेतलेले पेशंट असं करतात, तुम्ही पहिल्या नाही. मग भिंगरीच्या हाताची पाठ भिंगाखाली धरून म्हणाल्या, "आता खरी सुरुवात करू या." पिवळी गोळी बंद. घरातली सगळी पाकिटं भिंगरीने त्यांच्याच टेबलावर ठेवली.

निघताना मी बाईंना म्हटलं, त्या दिवशी तिच्या वतीने मीच उत्तर दिलं, चुकलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी तिला बोलू द्या. साध्या नाहीत या डॉक्टरबाई.

१ सप्टेंबर, रविवार

दारात "कशी आहेस?" असं विचारायचा सराव करतोय. पाठांतर कच्चं असलेल्या नटासारखा अडखळतो. ही आतून हसते. क्रिएटिनिन थोडं चढलंय. मला झोप लागत नाही, पण ते या वहीपुरतं.

२० ऑक्टोबर, रविवार

आज भिंगरी उशिरा आली, तीही धापा टाकत. डोक्याला नुसता रुमाल बांधलेला. मी विचारलं, कशी आहेस? म्हणाली, भूक लागलीय. ताटावर बसली आणि तोंडात घास असतानाच सांगायला लागली.

"डॉक्टरांकडे जाऊन आले काल. आकडा चढला होता तिथेच थांबलाय. पहिल्यासारखा होणार नाही म्हणाले, पण एवढ्यावर पुष्कळ वर्षं निघतील, लक्ष ठेवू. त्वचेच्या बाईंनी सगळं अंग पाहिलं, नवीन काही नाही. हाताचं खरखरीत होतं तेही मलमाने जातंय. वहिनी, थोडं वाढ ना. आणि हो, टोपी हरवली."

मी म्हटलं, हरवली?

पोरींच्या शर्यतीच्या दिवशी वारा सुटला होता. टोपी उडाली, भिंतीवरून पलीकडे गेली आणि रस्त्याने जाणाऱ्या एका ट्रकच्या मालावर जाऊन बसली. पोरी तिच्यामागे धावल्या. एकीने तर असा वेग काढला की तोच शर्यतीत काढला असता तर पहिली आली असती. ट्रक काही थांबला नाही. आता बंगल्याची मालकीण कुठल्या गावाला पोचली असेल कोण जाणे, असं म्हणून भिंगरी एवढी हसली की तिला ठसका लागला.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. माझ्या काउंटरवर आयुष्यभर माणसं वस्तू हरवल्याचं सांगायला आली आहेत, त्यांचा चेहरा मला चांगला ठाऊक आहे. भिंगरीच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. आकडा चढल्याचं सांगतानाही नव्हतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

"दुसरी दे," बाहेरून ओरडली ती. "या वेळी जरा बरी बघून दे, पोरी हसतात."

हिला आधीच कळलं असणार, हिने दुकानातून एक काढून आणलीच होती, निळी, पहिल्याहून रुंद काठाची. सवयीने मी ती उलटी करून आत पाहिलं. पट्टी आधीच काढलेली होती, सुईची भोकं तेवढी दिसत होती. भिंगरीने टोपी आरशात न बघता डोक्यावर चढवली, चपला घातल्या आणि निघाली. परत कधी द्यायची, असं तिने या वेळी विचारलं नाही.